श्रेयांकांची ग्राह्यता आणि पदव्युत्तर प्रवेश : एक टीकात्मक विचार

विद्यार्थ्याने अन्यत्र मिळविलेले श्रेयांक पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यापीठे ग्राह्य धरतात काय, हा प्रश्न वरवर पाहता कार्यालयीन वाटतो. वस्तुतः तो एका विद्यापीठाने दुसऱ्याच्या अध्यापनावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न आहे, आणि मुंबईला तो नवा नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये पुण्यात सुरू केलेले महिला विद्यापीठ 1936 मध्ये मुंबईत आले. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य. परंतु ‘गृहीतागमा’ ही पदवी संपादन करणाऱ्या स्त्रियांच्या विद्यापीठाला वैधानिक दर्जा लाभण्यास 1951 साल उजाडावे लागले. 1950 ची पदवीधर आणि 1952 ची पदवीधर यांच्या अध्ययनात असा कोणता मूलभूत फरक पडला होता? बदलली होती ती केवळ मुद्रा.

आजची व्यवस्था याहून उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनी ‘स्वयम्’ मंचावरील अभ्यासक्रमांची मर्यादा एका सत्रातील अभ्यासक्रमांच्या 20 टक्क्यांवरून 40 टक्क्यांपर्यंत वाढविली. त्याच वर्षी शैक्षणिक श्रेयांक पेढीही अस्तित्वात आली. तथापि पेढी श्रेयांक साठविते, त्यांचे मोल ठरवीत नाही. कोणता अभ्यासक्रम स्वीकारावा, हे त्या त्या विद्यापीठाची विद्याविषयक मंडळेच ठरवितात.

खरी अडचण पदव्युत्तर उंबरठ्यावर जाणवते. एम. ए. चा प्रवेश पारंपरिकपणे मागतो तो पदवी, गुण आणि पदवीस्तरावरील विषय, श्रेयांक नव्हे. परिणामी ‘स्वयम्’वरील एखादा अभ्यासक्रम पदवीच्या चौकटीत सामावला गेला, तर तो निमूटपणे मान्य होतो, तोच अभ्यासक्रम पदवीनंतर स्वतंत्रपणे पूर्ण केला, तर तो केवळ प्रमाणपत्र उरतो. विद्यार्थी तोच, परीक्षा तीच. ही विसंगती श्रेयांकांच्या कल्पनेलाच छेद देणारी आहे.

विद्यापीठांची सावधगिरी निराधार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. पहिली पदवी नसताना खुल्या विद्यापीठातून थेट घेतलेली पदव्युत्तर पदवी ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये अन्नमलाई विद्यापीठाच्या प्रकरणात स्पष्ट केले. अशा प्रकरणात किंमत मोजतो तो विद्यार्थी, हे विसरता कामा नये.

या संदिग्धतेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांत नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले; मुंबई विद्यापीठाने 1971 मध्ये पत्रद्वारा शिक्षण आरंभिले. परळ-लालबागच्या चाळींतून दिवसा काम करून शिकू पाहणाऱ्या तरुणाची गरज तेव्हाही होती, गिरण्या मिटल्यानंतरही आहे. वर्ष फुकट गेले तर ते त्याला परवडत नाही. आपले श्रेयांक नाकारले गेल्याचे त्याला पात्रता तपासणीच्या वेळी, म्हणजे शुल्क भरून झाल्यावर, कळावे, हे कोणत्या न्यायात बसते? प्रत्येक अभ्यास मंडळाने बाहेरचे कोणते अभ्यासक्रम कोणत्या पदव्युत्तर विषयासाठी चालतील याची यादी प्रवेशापूर्वी वर्षभर आधी जाहीर करावी, आणि नकार दिल्यास त्याचे कारण लेखी द्यावे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. मंडळाची एक बैठक पुरेशी आहे.