स्थलांतराचे कथनरूप : दोन बिंदूंच्या पलीकडे

मराठी समीक्षेने कष्टकऱ्याच्या स्थलांतराचा विचार बहुधा दोन बिंदूंत केला आहे : गाव आणि मुंबई. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड या मांडणीचे ठळक उदाहरण होय. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाशी जोडला गेल्याने तिच्यातील विरहाला राजकीय अर्थ लाभतो. तरी त्याची दोन टोके कायम राहतात.

कोकणातील खलाशी किंवा १९७३ च्या तेल-दरवाढीनंतर आखातात गेलेला कामगार यांच्यासाठी ही चौकट अपुरी आहे. अनेक देशांतून टप्प्याटप्प्याने होणाऱ्या स्थलांतराची मीमांसा अंजू मेरी पॉल यांनी घरकामगार स्त्रियांच्या संदर्भात केली (२०११, २०१७). पुरेसे भांडवल नसलेली व्यक्ती प्रथम सहज प्रवेश मिळणाऱ्या देशात जाते आणि तेथील कमाई, अनुभव व ओळखी यांच्या बळावर पुढच्या देशाची तयारी करते. तेव्हा आखात हे गंतव्य नसून पायरी असते. देशांची ही मनातील उतरंड म्हणजे भविष्यकाळात रचलेले एक कथनच होय. बाख्तिनच्या परिभाषेत, येथे कालावकाश पालटतो : स्थळाला अर्थ येतो तो मागे राहिलेल्या गावामुळे नव्हे, तर अद्याप न गाठलेल्या देशामुळे.

मात्र या कथनाला मुक्त इच्छेचा आविष्कार मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९८३ चा उत्प्रवासन कायदा, दलालाचे देणे, मालकाच्या हमीवर अवलंबून असलेला परवाना यांनी त्याची वाक्ये आधीच अर्धी लिहून ठेवलेली असतात. उरलेली अर्धी कामगार रचतो आणि प्रत्येक अडथळ्यानंतर बदलतो.

‘मूळ गाव’ हा बिंदूही स्थिर नाही. नेरूळमधील सारसोळे हे खाडीकाठचे कोळी गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि भूसंपादनानंतर शहरच गावाभोवती येऊन बसले. गाव न सोडताही गावकऱ्याचा परिसर बदलला. त्याच नेरूळ परिसरात १९९३ पासून ‘टी. एस. चाणक्य’ ही संस्था व्यापारी जहाजांसाठी अधिकारी घडवू लागली. एकाच खाडीकाठी एकाचे जग त्याच्या दारातच पालटते, तर दुसऱ्याचे बंदरांच्या क्रमाने उलगडू लागते. विरह आणि परतणे या दोनच संकल्पनांनी यांपैकी एकही अनुभव पुरता वाचता येत नाही.

म्हणून समीक्षेने निघणे व पोहोचणे यांच्या जोडीने बेत हाही कथनाचा घटक मानावयास हवा. न झालेला प्रवासही कष्टकऱ्याच्या साहित्याचा भाग असतो. त्याला निव्वळ स्वप्नरंजन म्हटले, की त्यामागचा हिशेब नजरेआड होतो.