कलमातील ‘करील’

करारनाम्यातील कलमे वाचताना एक क्रियापद मला नेहमी अडविते. ‘भाडेकरू दुरुस्ती करील.’ ही आज्ञा की भाकीत? इंग्रजी ‘शॅल’मधील बंधन आपण मराठीत भविष्यकाळाने दाखवितो. संविधानाच्या मराठी पाठात, अनुच्छेद १४ मध्ये, राज्य समानता ‘नाकारणार नाही’ असे आहे. तेथे त्याला वचनाचे वजन येते, कारण बांधले जाते ते राज्य. घरभाड्याच्या कागदात ते कोठून यावे?

जुन्या खतपत्रांत ‘लिहून देणार’ स्वतः बोलत असे : मुदतीअखेर कब्जा देईन, उजूर करणार नाही. काळ भविष्यच, पण पुरुष प्रथम. आपण कशाला बांधले गेलो हे सही करणाऱ्यास कळे. छापील नमुन्यांतील क्रमांकित कलमांत हा ‘मी’ बहुधा मावळतो. बडोद्यास १९३१ साली निघालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ने राज्यकारभाराला शब्द पुष्कळ दिले, वाक्य मात्र कोशात सापडत नाही.

सेवेत असताना असे ‘करील’ मीही शेकडो लिहिले. निवृत्तीनंतर परिचयातील एका वृद्ध घरमालकीणबाईंचा करारनामा वाचावयास मिळाला. कलम सातमधील दुरुस्ती भाडेकरूस सदिच्छा वाटली होती, बाईंना हुकूम. दोन पावसाळे छत गळले. तेथे ‘केलीच पाहिजे’ एवढे दोन शब्द पुरले असते.