आईचा, आईची, आईचं

इशिउची मियाको या जपानी फोटोग्राफरच्या एका गाजलेल्या मालिकेचं नाव आहे ‘मदर्स’. म्हणजे ‘आईचं’. पण आईचं काय? पुढचा शब्दच नाही. हे नाव मराठीत आणायला बसलात की पंचाईत होते. आईचा ब्रश, आईची लिपस्टिक, आईचं पाकीट. वस्तू कोणती ते कळल्याशिवाय आपल्याला साधा प्रत्ययही लावता येत नाही. ही मालिका मला याच पंचाइतीची वाटते. गेलेल्या आईबद्दल बोलायचं तर आधी तिची एखादी वस्तू हातात घ्यावी लागते.

इशिउचीची आई २००० साली गेली. मायलेकींचं फारसं सूत नव्हतं, हे तिने स्वतःच सांगितलंय. आईच्या मागे राहिलेल्या वस्तूंचे फोटो ती काढत गेली आणि २००५मध्ये व्हेनिस बिएनालेच्या जपानी दालनात ही मालिका जगासमोर आली.

काय आहे त्यात? वापरून झिजलेल्या लिपस्टिक. केस अडकलेला ब्रश. कवळी. चपला. खिडकीच्या काचेवर लावलेली, मागून उजेड झिरपणारी अंतर्वस्त्रं. यांच्यासोबत आईच्या त्वचेचे, अगदी जवळून काढलेले फोटोही आहेत. स्वयंपाक करताना गरम तेलाने भाजल्याचे व्रण तिच्या अंगावर होते. ते पाहून पुन्हा त्या पातळ कापडाकडे वळलं की कापडही कातडीसारखंच दिसायला लागतं.

आपल्याकडे आईची आठवण वेगळ्या वळणाने येते. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. तिथली आई तिच्या शिकवणीतून उभी राहते. त्या पुस्तकाची ताकद मोठी आहे, पण त्याची सावलीही लांब पडली. आईवरच्या आपल्या लेखांमधल्या वस्तू आठवून बघा. झिजलेला पोळपाट म्हणजे कष्ट, ठिगळाचं लुगडं म्हणजे त्याग, देवघरातली पोथी म्हणजे श्रद्धा. प्रत्येक वस्तू आईच्या चांगुलपणाचं सर्टिफिकेट होऊन बसते.

लिपस्टिकला असं सर्टिफिकेट होता येत नाही. ती एवढंच सांगते की ही बाई आरशासमोर उभी राहायची आणि तेव्हा ती कुणाची आई असेलच असं नाही. मुलांना नेमकं हेच जड जातं. आईचे कष्ट आपण आनंदाने आठवतो, तिची हौस मात्र घाईघाईने पिशवीत भरून देऊन टाकतो.

मालिकेवर दोन आक्षेप घेता येतात. एक, हे दाखवायला आईने परवानगी कुठे दिली होती? कवळी आणि अंतर्वस्त्रं ती हयातीत कुणाला दाखवेल का? दोन, रिकाम्या पार्श्वभूमीवर वस्तू देखण्या दिसतात, पण त्यांच्याभोवतीचं घर गायब होतं. चिनी कलावंत साँग दाँगने त्याच २००५ साली बीजिंगमध्ये आपल्या आईने साठवलेल्या दहा हजारांहून जास्त वस्तू मांडल्या. टूथपेस्टच्या ट्यूब, बाटल्यांची झाकणं, कपडे, भांडी आणि त्यांच्यासोबत घराचा लाकडी सांगाडा. त्याची आई तेव्हा हयात होती. मांडामांड करायला ती स्वतः होती आणि कुठली वस्तू का ठेवली ते सांगू शकत होती.

दुसरा आक्षेप मला पटतो. पहिल्याचं उत्तर या फोटोंच्या स्वभावात थोडंफार सापडतं. त्यांत चहाडी नाही आणि गहिवरही नाही. प्रत्येक वस्तूकडे ती अशी बघते, जणू नुकतीच ओळख होतेय. जिच्याशी पटलं नाही तिच्याशी उशिराने केलेली ही बोलणी आहेत. ‘आई म्हणजे देव’ म्हणणाऱ्या आपल्या लिखाणात अशा मुलामुलींना जागाच नसते. म्हणून ही मालिका बघायला हवी.

आपल्या फोनमध्ये आईचे ढीगभर फोटो असतात, बहुतेक सणासुदीचे, कॅमेऱ्याकडे बघून हसणारे. तिच्या कंगव्याचा, चष्म्याच्या घराचा, पर्सच्या आतल्या कप्प्याचा फोटो कितीजणांकडे असेल?

आणखी एक. ‘इशिउची मियाको’ हे या फोटोग्राफरचं जन्मनाव नाही. आईचं लग्नाआधीचं नाव तिने आई असतानाच, कामासाठी घेतलं. आईची सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू फोटोंमध्ये नाही, ती फोटोंखालच्या सहीत आहे. आईचं नाव.