एका शब्दात उत्तरे

‘एका शब्दात उत्तरे लिहा’ हा प्रश्नप्रकार परीक्षेपुरता ठीक आहे. पण निसर्गातल्या घटनांनाही आपण तसेच उत्तर देऊन मोकळे होतो, आणि त्यात आपण विज्ञान शिकवणारेही मागे नसतो.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात, ही बातमी देशभर पसरली. देवळांपुढे रांगा लागल्या. एका बाजूचे उत्तर होते ‘चमत्कार’, दुसऱ्या बाजूचे ‘पृष्ठताण’. दुसरे उत्तर योग्य दिशेचे आहे. पण नुसते तोंडावर फेकले, तर ऐकणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच. काठोकाठ भरलेल्या चमच्यातले दूध काठाच्या थोडे वर फुगून राहते. मूर्तीचा ओला पृष्ठभाग टेकताच ते त्यावर ओढले जाते आणि पातळ थराने खाली उतरते. हा थर सहज दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा तो मूर्तीवर दिसला. पटले ते या रंगामुळे. फरशीचा ओला तुकडा, चमचाभर पाणी आणि शाईचे दोन थेंब एवढ्यावर हा प्रयोग कोणत्याही वर्गात होतो.

दुधाच्या बाबतीत उथळ उत्तराने फारसे बिघडत नाही. भूकंपाच्या बाबतीत बिघडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. ‘दैवाचा कोप’ म्हणून अनेकांनी विषय संपवला. ‘भूपट्ट सरकले’ हे पाठ्यपुस्तकी उत्तरही येथे अपुरे पडते, कारण किल्लारी भूपट्टाच्या कडेपासून फार दूर आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जातो. त्याचा ताण पट्टाच्या आतल्या खडकांतही साठतो आणि एखाद्या कमकुवत जागी मोकळा होतो.

तरीही एवढी माणसे का गेली, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर घरांत आहे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना सांधणारे लांब दगड नसल्याने हादऱ्यात त्या फुटून ढासळल्या, आणि झोपेतली माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. ‘कोप’ म्हटले की भिंतीकडे कोणी पाहत नाही, आणि पुढचे घरही तसेच बांधले जाते.

म्हणून आमची शिक्षकांना एक विनंती आहे. एखाद्या घटनेवर वर्गात झटपट उत्तर आले, मग ते देवाच्या नावाने असो वा विज्ञानाच्या, तर दोन प्रश्न जरूर विचारावेत: ‘म्हणजे नेमके काय झाले?’ आणि ‘हे तपासायचे कसे?’ उत्तर त्याच तासाला मिळाले नाही, तर प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात तसाच राहू द्यावा. घाईने पुसू नये.