कलेन: खोट्या किल्ल्यातला खरा जिना

श्रोतेहो, नावापासूनच सुरुवात करू. स्कॉटलंडच्या एअरशायर किनाऱ्यावर, समुद्रकड्यावर उभ्या असलेल्या या वाड्याच्या इंग्रजी स्पेलिंगात झेड आहे, पण उच्चार ‘कलेन’. १९४५ पर्यंत मालक होते केनेडी घराणे. त्यांची पदवीही लिहायची एक आणि म्हणायची ‘कॅसल्स’. वास्तूही तशीच दुतोंडी, असा तिच्यावर जुना आक्षेप आहे.

रॉबर्ट अ‍ॅडमने १७७७ ते १७९२ या काळात दहाव्या अर्लसाठी जुन्या गढीचे हे घर केले. बाहेर बुरूज, चर्या, बाण मारायच्या फटींचा नुसता देखावा. आत फिकट रंग आणि गिलाव्याची नाजूक नक्षी. लढायचे होते कोणाशी? कोणाशीच नाही हो! वास्तूने आपले प्रयोजन प्रामाणिकपणे सांगावे, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. त्या मापाने कलेन नापास.

पण जिना पाहा. दक्षिणेकडचा भाग आधी झाला, समुद्राकडचा गोल बुरूज नंतर. मध्ये अडचणीची, अंधारी जागा उरली. तिथे अ‍ॅडमने लंबगोल जिना बसवला आणि छतातल्या काचेतून उजेड खाली सोडला. खांबांचा रिवाज असा, की साधे खाली, नटवे वर. त्याने उलटे केले: पहिल्या मजल्यावर पानाफुलांचे कोरिंथियन, त्यावर आयोनिक. आमच्या मते कारण सरळ आहे. मुख्य दालने पहिल्या मजल्यावर आहेत, तेव्हा मानही तिथल्या खांबांना. नियम मोडला, पण घर कसे वापरायचे ते खरे सांगितले.

मग बुरूज तरी खोटा कसा? त्याच्या पोटात गोल दिवाणखाना आहे, खिडक्यांखाली थेट समुद्र. बाहेरची गोलाई आतल्या खोलीचीच आहे. आम्ही चर्या मोजत बसलो आणि खोली पाहायची विसरलो, ही चूक आमची.

एक गोष्ट मात्र आजही पटत नाही. वाड्याकडे येणाऱ्या वाटेवर अ‍ॅडमने मुद्दाम पडकी दिसेल अशी कमान आणि पूल बांधला. नवे कोरे भग्नावशेष! त्यांच्या पोटात ना खोली, ना जिना. आणि हे सारे ज्याच्या पैशाने चालले तो अर्ल अविवाहित होता. १७९२च्या मार्चमध्ये अ‍ॅडम गेला, डिसेंबरमध्ये अर्ल. मागे उरले कर्ज. पदवी आणि वाडा गेला न्यूयॉर्ककडच्या एका केनेडीकडे.