दिवाणखान्यात अडकलेला फार्स

दादरच्या शिवाजी मंदिरात रविवारी दुपारी विनोदी नाटकाला गेलं, की पडदा उघडायच्या आधीच नेपथ्य सांगता येतं. मधोमध सोफा, एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला मुख्य दार. त्या सोफ्यावर नवरा-बायको भांडणार, मध्यंतरात आपण बटाटावडा खाणार आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्यांचा समेट होणार. ही तक्रारच आहे. पण नटांबद्दल नाही.

1965 साली उभं राहिलेलं हे नाट्यगृह मराठी व्यावसायिक रंगभूमीचा बालेकिल्ला. इथल्या प्रेक्षकाला फार्स नवा नाही. बबन प्रभूंची 'झोपी गेलेला जागा झाला' आणि 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' आठवून पाहा. एक थाप मारायची, ती झाकायला दुसरी, आणि नको तो माणूस नको त्या क्षणी दारात उभा. 'मोरूची मावशी' आचार्य अत्र्यांनी 'चार्लीज आंट'वरून बेतलं. त्यात विजय चव्हाण पदर सावरत, तेव्हा हशा एखाद्या चटपटीत वाक्याला नसायचा. सोंग आता उघडं पडणार, या धाकधुकीला असायचा. 2002 साली आलेल्या 'सही रे सही'त भरत जाधव एका विंगेतून जाऊन दुसरीतून भलताच माणूस होऊन यायचा. त्यातलं एकही वाक्य न आठवणाऱ्यालाही तो वेग आठवतो.

आताची नाटकं बोलतात फार. 'आमने सामने', 'नियम व अटी लागू', 'एका लग्नाची पुढची गोष्ट', सगळी संसाराभोवती फिरणारी. संसार हा विषय वाईट नाही. मध्यमवर्गीय प्रेक्षक स्वतःला बघायला येतो आणि 'आमने सामने'त लीना भागवत-मंगेश कदम त्याला ते सुख पुरेपूर देतात. पण बहुतेक ठिकाणी पहिल्या अंकात मांडलेला पेच दुसऱ्यात गुंतत नाही, समजुतीच्या भाषणात विरघळतो. प्रेक्षक हसत असताना त्याला एकदम डोळे पुसायला लावायचे, ही तर आता रीतच झाली आहे.

दूरचित्रवाणीचा परिणामही उघड आहे. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तून घराघरांत पोचलेले कलाकार रंगमंचावर आले की बुकिंग खिडकीला बरे दिवस येतात. प्रसाद खांडेकरांच्या 'कुर्रर्रर्र'मध्ये विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, पंढरीनाथ कांबळे या मंडळींचं टायमिंग पाहण्यासारखं होतं. मात्र स्किटला दर दोन वाक्यांनी हशा लागतो. दोन अंकी नाटकात कधीकधी हशा अडवून धरावा लागतो, मोठा होईपर्यंत. ती सवयच मोडत चालली आहे.

यामागे व्यवहारही आहे. नट आठवडाभर मालिकेच्या चित्रीकरणात, प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी. पात्रं चार-पाचच, म्हणजे तारखा जुळतात. नेपथ्य एकच, म्हणजे दौऱ्याला परवडतं. गावकऱ्यांच्या फौजेनिशी रंगणारं गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आज नव्यानं लिहून आलं, तर किती निर्माते ते हातात धरतील? नटांना ज्या घाईत तालमी कराव्या लागतात, तीत दारांचं आणि पावलांचं गणित बसवायला वेळ कुठून आणायचा?

म्हणून 'शिकायला गेलो एक!' वेगळं वाटतं. द. मा. मिरासदारांच्या 'व्यंकूची शिकवणी' या कथेवरून अद्वैत दादरकरांनी ते उभं केलं. सरळमार्गी मास्तर शिष्याला सुधारायला जातो आणि स्वतःच बिघडत जातो. इथे माणूस बदलतो, आणि बदलतो म्हणून हसू येतं. 'मोरूची मावशी'त तरुणपणी काम केलेल्या प्रशांत दामलेंना या वयात आपला ठरलेला मिश्कीलपणा बाजूला ठेवून पोथीनिष्ठ मास्तर करताना पाहणं, हा त्यातला खरा आनंद. क्षितिज पटवर्धन यांचं 'आज्जीबाई जोरात'ही दिवाणखान्याच्या चौकटीबाहेर पडलं आणि मुलांना नाटकाकडे घेऊन आलं. गोष्ट थोडी पसरट आहे, पण त्याला धाडस म्हणावंच लागेल.

थोडक्यात, नट तयार आहेत, प्रेक्षक दोन जिने चढून यायलाही तयार आहे. कमी पडते आहे ती संहिता. तेव्हा पुढच्या रविवारचं तिकीट काढण्याआधी जाहिरातीत नटांच्या फोटोंखाली लेखकाचं नाव शोधा. आणि नाटक आवडलं तर प्रयोगानंतर सेल्फीसाठी रांग लावताना त्या लेखकाचीही चौकशी करा.