पायरीचे दान, तेलाचे दान

जोतिबाच्या डोंगरावर येऊन विद्यापीठांच्या देणग्यांवर बोलायचे, हे काहींना विषयांतर वाटेल. मला तसे वाटत नाही. दान कसे करावे आणि कसे टिकवावे याचा अनुभव या डोंगराला विद्यापीठांपेक्षा फार जुना आहे.

जोतिबाचे आजचे देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० च्या सुमारास बांधले. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ १८०८ मधले, दौलतराव शिंद्यांचे. जोतिबा शिंद्यांचे कुलदैवत, तेव्हा दगड त्यांनी दिला हे साहजिकच. पण देऊळ नुसत्या दगडावर चालत नाही. पहाटे कुणीतरी उठावे लागते, पूजा लागते, नैवेद्य लागतो, समईत तेल लागते. म्हणून आपल्याकडच्या जुन्या सनदांत दोन तऱ्हेची दाने दिसतात. एक बांधकामाचे. दुसरे नंदादीपासाठी लावून दिलेल्या जमिनीचे, नाहीतर वर्षासनाचे. पहिल्या दानाची पाटी लागते, दुसऱ्याने दिवा जळतो. सोयीसाठी मी पहिल्याला पायरीचे दान म्हणतो आणि दुसऱ्याला तेलाचे.

माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे. उच्च शिक्षणाला आपण पायऱ्या भरपूर दिल्या, तेल फार कमी दिले. आणि जिथे तेल दिले तिथे केवढा उजेड पडला, ते आपण विसरून गेलो.

आता बघा, विद्यापीठांत विभागाला ‘स्कूल’ म्हणायची पद्धत आली आहे. भाषांचे स्कूल, व्यवस्थापनाचे स्कूल, समाजशास्त्रांचे स्कूल. त्यासाठी देणग्या मागितल्या जातात, आणि त्या मागाव्यातच, त्यात लाज कसली? पण मागणीपत्र नीट वाचा. सभागृहाला नाव दिले जाईल, प्रयोगशाळेला दिले जाईल, प्रवेशद्वाराला दिले जाईल. तिथे पाच वर्षे बसून एखादा अवघड ग्रंथ लावणाऱ्या संशोधकाचे काय, हे त्या पत्रात क्वचितच असते. तत्त्वज्ञानाचे म्हणाल तर, आमच्या विषयाचे प्राध्यापक आता तासिका तत्त्वावर नेमतात. शिकवायचे तत्त्वज्ञान आणि जगायचे तासिकेच्या तत्त्वावर!

मी पाहिलेल्या एका संस्थेत, नाव सांगत नाही, एका देणगीच्या व्याजातून दरवर्षी सुवर्णपदक द्यायचे ठरले होते. काही वर्षांत महागाईने व्याज गिळले. पदक चालू राहिले, मुलामा पातळ होत गेला. पुढे पुढे नुसते प्रमाणपत्र मिळू लागले. देणगीदाराची भावना खरी होती. पण पदक हे झालेल्या अभ्यासाचे कौतुक असते, त्याने अभ्यास घडत नाही. अभ्यास घडायला वेळ लागतो, आणि वेळ विकत घ्यावा लागतो.

हे आपल्या पूर्वजांना कळले होते. पुण्यात पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. तिच्यावर दोन आक्षेप घ्यायला हवेत. एक, ती फक्त ब्राह्मणांसाठी होती. दुसरा, वेदशास्त्र सोडून बाकीची विद्या तिला विद्या वाटत नव्हती. इंग्रजी राज्य आल्यावर एल्फिन्स्टनने त्या निधीतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या मित्रांनी अर्ज केला की या पैशांतला काही भाग मराठी ग्रंथांना द्या. सनातन्यांनी गहजब केला. पण दान बदलत गेले. त्याच दक्षिणेतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले, आणि त्या फेलोंत न्यायमूर्ती रानडे होते, रामकृष्णपंत भांडारकर होते. श्रावणातल्या रमण्याची दक्षिणा एका तरुणाला दोन वर्षे निवांत वाचायला मिळाली, की तिचे काय होते ते बघा. अर्थात दार तेव्हाही सगळ्यांना उघडले नव्हते, आणि हा हिशेब मांडताना ते विसरता कामा नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी केली, ती याच उणिवेवर बोट ठेवून. त्यांनी जागा दिली, इमारत दिली, आणि त्याबरोबर दरसाल चालू राहणारे उत्पन्नही लावून दिले. पायरी आणि तेल दोन्ही.

आता माझ्या विषयाचे उदाहरण. खानदेशात अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ नावाचे गिरणीमालक होते. त्यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. अद्वैत वेदान्ताचा अभ्यास व्हावा ही त्यांची इच्छा. त्यांनी अभ्यासकांना राहायला जागा दिली, ग्रंथालय दिले, आणि दरमहा वेतन दिले. बदल्यात काय मागितले? विचार करा, एवढेच. साने गुरुजी ऐन तारुण्यात तिथे अभ्यासाला होते. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वज्ञ १९३० च्या दशकात बंगालमधून अमळनेरला येऊन संचालक झाला. तिथून इंग्रजी त्रैमासिक निघत असे. आणि १९३३ मध्ये तिथल्या तिघांनी, मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी, मिळून एक पुस्तक लिहिले. ते लंडनला प्रसिद्ध झाले. पुस्तकाचे नाव ‘अज्ञान’. एका गिरणीमालकाने पैसे दिले आणि हाती आले ‘अज्ञान’! आजच्या एखाद्या देणगीदाराला अहवालात हे फलित म्हणून दाखवून बघा. पण वेदान्तातल्या अविद्येच्या कल्पनेवर काम करणाऱ्याला आजही ते पुस्तक उघडावे लागते.

मग पायरीचे दान वाईटच का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मघाशी म्हटलेल्या १८२१ च्या पाठशाळेचे पुढे डेक्कन कॉलेज झाले. त्याच्या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाईंनी मोठी देणगी दिली होती. १९३४ मध्ये सरकारने हे कॉलेज बंद केले. तेव्हा माजी विद्यार्थी, त्यांत बॅरिस्टर जयकर, न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा असा की जीजीभाईंनी दान शिक्षणासाठी दिले, तो न्यास आहे, सरकारला ती वास्तू मन मानेल तशी वापरता येणार नाही. अखेर १९३९ मध्ये कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. इरावतीबाई कर्वे तिथे आल्या, सांकलिया आले. म्हणजे पायरीने दिवा वाचवला. पण कशामुळे? दानाचा हेतू स्पष्ट होता आणि तो जपायला माणसे होती म्हणून. नुसत्या पाटीने ते झाले नसते.

नावाचेही तसेच आहे. सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि आईचे नाव लावून घेतले. त्या पैशाने स्त्रियांचे विद्यापीठ तगले. याउलट जमशेटजी टाटांनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेला आपले नाव नको म्हटले. लोक मात्र आजही तिला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. तेव्हा नाव लावा की न लावा, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दात्याने नावाबरोबर विद्वानाचे मतही विकत घेतले का, हा खरा प्रश्न.

इथे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींची आठवण काढायला हवी. ते स्वतः चित्रकार आणि भाविक. महाभारताची सचित्र आवृत्ती निघावी म्हणून त्यांनी भांडारकर संस्थेला एक लाख रुपयांचे वचन दिले. १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर सुखटणकरांसारख्या संपादकांना अनेक लाडके भाग मूळ संहितेतून बाजूला काढावे लागले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही आपल्या सगळ्यांना पाठ असलेली कथासुद्धा परिशिष्टात गेली. एका भाविक राजाच्या दानातून सुरू झालेल्या कामाने गणपतीला परिशिष्टात बसवले! आणि हे आदिपर्व राजाच्या हयातीतच पुरे झाले होते. विद्येला दिलेले दान म्हणतात ते हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितले आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले, असे त्याचे एक लक्षण आहे. विद्येच्या बाबतीत मी त्यात थोडी भर घालीन. आपल्याला आवडेल असाच निष्कर्ष यावा, ही अपेक्षाही परतफेडीचीच अपेक्षा आहे.

ही आवृत्ती पुरी व्हायला १९६६ साल उजाडले. सत्तेचाळीस वर्षे लागली. आता आजच्या दानाकडे वळा. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले. चांगली गोष्ट आहे. पण चालू प्रकल्पालाही मुदत आहे: सुरू झालेले वर्ष सोडून तीन वर्षे. तीन वर्षांत महाभारत होत नाही. डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश १९४८ मध्ये हाती घेतला, ते काम अजून चालू आहे. अशा कामांना मुदतीचा पैसा पुरत नाही. त्यांना नंदादीपाची जमीन लागते, म्हणजे मूळ रक्कम हलवायची नाही आणि व्याजावर पिढ्यान्‌पिढ्या काम चालवायचे.

तुमच्यापैकी कुणीतरी आता विचारील, आणि विचारायलाच हवे, की सर, प्राध्यापकांचे पगार द्यायचे काम सरकारचे; ते दानशूरांच्या गळ्यात कशाला? बरोबर आहे. रिकाम्या जागा देणग्यांतून भरू लागलो तर सरकार हात झटकून मोकळे होईल, आणि ज्या विषयाला श्रीमंत मित्र नाही तो विषय मरेल. म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. नेमणूक आणि पगार ही राज्याची जबाबदारी, ती त्याच्याकडून वसूल करा. दानाने त्यापुढचे करावे. एखाद्या शिक्षकाला एक वर्ष मोकळे द्यावे. गरीब घरातल्या मुलीला पीएच.डी. पुरी होईपर्यंत महिना चालवता येईल एवढी रक्कम द्यावी. एखादे मराठी त्रैमासिक, एखादे भाषांतर, एखादी जुनी पोथी जगवावी. पगार मिळाला तरी या गोष्टी होत नाहीत, आणि यांच्याशिवाय विद्यापीठ नुसते परीक्षा घेण्याचे कार्यालय होते.

यासाठी गिरणीमालकच हवा असे नाही. भाऊराव पाटील इथले, कुंभोजचे. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या पैशाची पाटी कुठे लागणार होती? ते त्या मुलांच्या पोटात गेले. यापेक्षा शुद्ध तेलाचे दान मला माहीत नाही.

तेव्हा जाता जाता दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट सांगतो. देणाऱ्यांनो, चेक लिहिण्याआधी विचारा: या पैशाने कुणाला वेळ मिळणार? आणि त्याने माझ्या मताविरुद्ध लिहिले तर त्याला अडवायची सोय माझ्या अटींत राहिली आहे का? राहिली असेल तर ती अट खोडा. आणि विद्यापीठांनो, प्रत्येक निधीचा हिशेब दरवर्षी उघड करा. मूळ रक्कम किती, व्याज किती आले, त्यावर कोण बसून वाचतो आहे. हा तिसरा रकाना रिकामा असेल तर तसे लिहा, लपवू नका. पूर्वी देवळातला दिवा विझला तर गावाला पहाटेच कळायचे. विभागातला दिवा विझला तर तो निदान तितक्या लवकर तरी कळू द्या.

थांबतो.